ढालीवर आईची खूण

गावावरून आडनाव पडतं, हे आपल्याला नवीन नाही. स्पेनमध्येही तसंच आहे. तिथे उत्तरेला, आलावा प्रांतात, मेंदोसा नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या बास्क भाषेत ‘मेंदी’ म्हणजे डोंगर आणि ‘ओत्स’ म्हणजे थंड. त्या थंड डोंगराच्या गावचे सरदार ते मेंदोसा. त्यांची दगडी गढी अजून उभी आहे.

लढाईत चिलखत आणि लोखंडी टोप चढवला की माणूस ओळखू येत नसे. म्हणून ढालीवर घराण्याची खूण रंगवत. मेंदोसांची खूण साधी होती: हिरव्या रंगावर तिरका लाल पट्टा, त्याला सोनेरी काठ.

१४०४ साली या घराण्यातले दिएगो उर्तादो दे मेंदोसा वारले. मुलगा इन्यिगो पाच-सहा वर्षांचा. नातेवाईकांनी मालमत्तेवर हक्क सांगितला. पण आई लेओनोर दे ला वेगा खमकी होती. तिने कोर्टकज्जे लढवले आणि मुलासाठी वतन राखलं. तोच मुलगा पुढे नावाजलेला कवी झाला. १४४५ साली त्याला सान्तियानाचा मार्किस ही पदवी मिळाली. सान्तियानाचा मुलूख आईच्या माहेरचा!

त्याच्या ढालीचे चार भाग आहेत. वर आणि खाली मेंदोसांचा पट्टा. दोन्ही बाजूंना आईच्या घराण्याची खूण: सोनेरी रंगावर ‘आवे मारिया, ग्रातिया प्लेना’ ही अक्षरं. येशूच्या आईला केलेलं ते नमन.

ढालींचा काळ सरला. पण स्पेनमध्ये आजही प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं, एक आईचं. लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. पूर्वी वडिलांचंच आधी लागे. १९९९च्या कायद्याने क्रम निवडायची मुभा दिली. २०१७पासून वडिलांचं आपोआप पहिलं लागत नाही, आईवडिलांनी मिळून ठरवायचं. गोम एकच आहे: दुसरं आडनाव पुढच्या पिढीत सहसा गळून पडतं.

म्हणून मैत्रिणींनो, आज घरी मुलांना विचारा, ‘तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव काय?’ उत्तर आलं नाही, तर तुम्हीच सांगा. आणि आजीने काय राखलं, तेही सांगा.