तारण, खंडणी, विसार

राणीसावरगावात ‘तारण’ म्हटले की सोने आठवते, नाहीतर गोदामातले सोयाबीन. शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलसारख्या ख्रिस्ती वस्तीत मात्र तारण म्हणजे पापातून सुटका.

धातू एकच, तॄ, तरून जाणे. सावकारी अर्थ मागून आलेला असावा, पण उपरा वाटत नाही. मराठीत कर्ज बुडते. सावकाराला बुडू देत नाही ते तारण. ‘गहाण’ ग्रहणातून आलेले, निजामी अमलातले ‘रहन’ अरबी. दोन्हींत धरून ठेवणे आहे. गंमत अशी की पेढीवरचे तारण धनकोला वाचवते, चर्चमधले ऋणकोला.

ख्रिस्ती मिशनचा अभ्यास शाळा, दवाखाने आणि दुष्काळी कामांपाशी थांबतो, तेव्हा मला चुटपुट लागते. धर्मशास्त्र बाजूला ठेवले तर शब्दांची ही निवड उलगडतच नाही. तॄ धातूचेच ‘अवतार’ हे भावंड घ्या. अवतार पुन्हा पुन्हा होतात, ख्रिस्ताचे येणे एकदाच; म्हणून ‘देहधारण’ रूढ झाले असावे. फादर स्टीफन्सना मात्र १६१६च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ चालले. पुढे केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर करताना असे शब्द कटाक्षाने पारखलेले दिसतात.

‘खंडणी’ तर त्याहून बोचरा. ग्रीक ‘लुत्रोन’ म्हणजे गुलाम सोडवण्याचा मोबदला. मराठी बायबलात त्याला खंडणी म्हटले आहे. आपल्या कानाला खंडणी म्हटले की वसूल करणारा आधी दिसतो. मग ख्रिस्ताने आपल्या प्राणाची ही खंडणी दिली कोणाला? प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतकांपैकी ओरिजेनने सैतानाकडे बोट दाखवले, नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते साफ नाकारले. मराठी शब्दाने तो जुना वाद नकळत पुन्हा उघडला आहे.

पौलाने पवित्र आत्म्याला ‘अर्राबोन’ म्हटले. शब्द मूळचा सेमिटिक. हिब्रूत एराबोन, अरबीत अरबून. व्यापाऱ्यांबरोबर तो ग्रीकांकडे गेला असावा. मराठी बायबलात त्याला ‘विसार’ हा नेमका शब्द मिळाला. विळ्याचा इळा होतो तसा बोलण्यात ‘इसार’. जमीन नावावर होण्याआधी हातात पडलेली रक्कम ती. विसार कशाचा, तर ‘वतना’चा. हा पुन्हा अरबी. तिकडे मायभूमी, आपल्याकडे पिढीजात हक्क. पौलाच्या मनातला वारसा मराठीत दुसऱ्या अर्थाने उतरला, पण पहिलाही तिथे बसतोच.