मिसेस बीटन, सुश्रुत आणि आपल्या डोक्यातला कोंडा



पिनरचा इतिहास म्हटला की १३३६ सालच्या सनदेची जत्रा सगळ्यांना आठवते. पण कोंड्याच्या इतिहासातही आपल्या ह्या गावाला एक छोटासा कोपरा आहे, आणि तो आजही उपयोगी पडेल असा आहे.

१८५६ साली लग्न झाल्यावर इझाबेला बीटन हॅच एंडला राहायला आली. तेव्हा तो भाग पिनरमध्येच मोडायचा. (तिचं घर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने गेलं.) घर कसं चालवावं ह्यावरचं तिचं जाडजूड पुस्तक १८६१ साली निघालं. त्यात केस धुण्याची एक कृती आहे: टाकणखार आणि ऑलिव्ह तेलावर उकळतं पाणी ओतायचं, गार झालं की फ्लॅनेलने लावायचं. आणि केस वाळले की पुन्हा थोडं तेल किंवा पोमेड चोळायचं, म्हणजे चकाकी येते.

आता आपल्याकडे बघू. सुश्रुतसंहितेत कोंड्याशी जुळणारा 'दारुणक' नावाचा विकार येतो. खाज सुटणारी, रखरखीत झालेली टाळूची कातडी. उपाय काय, तर शीर तोडून रक्त काढणं (हे कृपया करू नका!), डोक्याला तेलाचा अभ्यंग, आणि धुवायला कोद्र्याच्या गवताच्या क्षाराचं पाणी. दिवाळीचं अभ्यंगस्नानही ह्याच वळणाचं: आधी तेल, मग शिकेकाई.

म्हणजे साहित्य दोन्हीकडे तेच, तेल आणि खार. फरक एवढाच की बीटनबाईंच्या डोक्यात शेवटी तेल उरतं, अभ्यंगस्नानात ते धुतलं जातं. हा फरक किती मोठा, हे कळायला पुढे शंभर वर्षं लागली.

१८७४ साली फ्रान्समध्ये मालासे ह्यांना कोंड्याच्या पापुद्र्यांत यीस्टसारखी बुरशी दिसली. १८८७ साली जर्मनीच्या उना ह्यांनी ह्या त्वचारोगाचं वर्णन केलं. आज त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. पण ही बुरशी निरोगी डोक्यावरही सापडते, मग ती दोषी कशी? त्यामुळे बराच काळ तज्ज्ञ म्हणत राहिले की कातडीच्या पेशी भराभर वाढतात, बुरशी नुसती पाहुणी. शेवटी १९८४ साली न्यूकॅसलचे प्रा. सॅम शुस्टर ह्यांनी मांडलं की कोंड्यावर लागू पडणारी वेगवेगळी औषधं एकच काम करतात, बुरशी मारतात.

आणि ही बुरशी जगते कशावर? तेलावर! ती डोक्यातली चरबी फोडते, त्यातून उरणारी आम्लं कातडीला झोंबतात, आणि पापुद्रे सुटतात. आपण म्हणतो, "डोकं कोरडं पडलंय, तेल थाप." रात्री तेल, सकाळी तशीच वेणी, की बुरशीची दिवाळी.

तर मग करायचं काय? खपल्या जाड असतील तर धुण्याआधी थोडा वेळ तेल लावून त्या मऊ करायला हरकत नाही, पण नंतर ते पूर्ण धुऊन काढा. मग केमिस्टकडे मिळणारा २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू, मोठ्या माणसांसाठी आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. लावल्यावर ३ ते ५ मिनिटं डोक्यावर राहू द्या. लगेच धुतलात तर पैसे पाण्यात. हा विकार मुळापासून जात नाही, म्हणून पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा लावायचा. भुवया, नाकाच्या कडा, कान लाल होत असतील किंवा महिन्याभरात फरक पडला नाही, तर जीपीला दाखवा.

आणखी एक. हा संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेचं लक्षणही नाही. काळा कोट घालायला लाजणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे जरूर सांगा. आणि भारतातून आलेल्या आजीने तेलाची वाटी पुढे केली तर वाद घालू नका. तिला एवढंच सांगा, "आजी, लाव. पण दिवाळीसारखं, न्हायच्या आधी."