फ्लॅग फुटबॉल : मुंबईत उघडलेले ऑलिंपिकचे दार

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१व्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८साठी पाच खेळांना मान्यता मिळाली. भारतात तेव्हा क्रिकेटचा विश्वचषक रंगात आला होता. साहजिकच मथळे क्रिकेटच्या पुनरागमनाने व्यापले आणि त्याच ठरावातील फ्लॅग फुटबॉल हे नाव बहुतेकांच्या नजरेतून निसटले.

अमेरिकन फुटबॉलचे हे धक्काबुक्कीविरहित रूप. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडायचे नाही. त्याच्या कमरपट्ट्याला लटकणारी फीत, म्हणजेच फ्लॅग, खेचली की चाल थांबते. आक्रमक संघाला मध्यरेषा ओलांडण्यास चार संधी मिळतात, ती ओलांडल्यावर गुण मिळवण्यास पुन्हा चार. टचडाऊनचे सहा गुण. शिरस्त्राण नको, खांद्यावरचे जाड कवच नको. खो-खोतील हुलकावणी ज्यांच्या अंगात मुरलेली आहे त्यांना यातले निम्मे मर्म न सांगता कळेल. उरलेले अर्धे म्हणजे अचूक फेक, आणि तिथे आपल्याकडील सराव तोकडा पडतो.

मैदान शेवटच्या पट्ट्यांसह ७० यार्ड लांब, २५ यार्ड रुंद. सौदी अरेबियातील तबूक येथे, जिथे निओम क्लब आपले सामने खेळतो, तशा एका पूर्ण फुटबॉल मैदानावर आडवी आखणी केल्यास अशी तीन मैदाने आरामात बसतात. आखाती शहरांतल्या शाळा आणि कामगार वसाहतींच्या दृष्टीने हा हिशेब दुर्लक्षण्याजोगा नाही.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००२ मध्ये ऑस्ट्रियात सुरू झाली. २०२४ साली फिनलंडमधील लाहती येथे पुरुषांचे ३२ आणि महिलांचे २३ संघ उतरले. पुरुषांत अमेरिकेने ऑस्ट्रियाचा ५३-२१, तर महिलांत मेक्सिकोचा ३१-१८ असा पराभव केला. पुरुषांत अमेरिकेची सत्ता जवळजवळ निर्विवाद आहे. महिलांची कथा मात्र वेगळी, आणि अधिक वेधक. २०२२च्या बर्मिंगहॅम वर्ल्ड गेम्समध्ये डायना फ्लोरेसच्या मेक्सिकोने अमेरिकेला तिच्याच भूमीवर ३९-६ असे नमवले. २०२५ मध्ये चेंगडू येथेही सुवर्ण मेक्सिकोलाच मिळाले. लाहतीत जपानच्या महिलांनी कांस्यपदक पटकावून आशियाची ताकद दाखवली.

ऑलिंपिकमध्ये पुरुष व महिला गटांत प्रत्येकी केवळ सहा संघ असतील आणि प्रत्येक संघात दहा खेळाडू. त्यांतली एक जागा यजमान अमेरिकेची. मे २०२५ मध्ये एनएफएलच्या संघमालकांनी आपल्या व्यावसायिक खेळाडूंना सहभागाची मुभा दिली. एका राष्ट्रीय संघात प्रत्येक क्लबचा फार तर एक खेळाडू, अशी अट. वर्षानुवर्षे बिनपगारी खेळून हा खेळ जोपासणाऱ्या खेळाडूंची जागा त्यामुळे धोक्यात आली आहे.

भारतासाठी वाट लांबची आहे. अमेरिकन फुटबॉल इथे अगदीच अनोळखी नाही. २०१२च्या एलिट फुटबॉल लीगचे पहिले विजेतेपद पुणे मराठाज या संघाकडे गेले होते. तो अवजड, पूर्ण संपर्काचा खेळ महागड्या साहित्यामुळे इथे रुजणे कठीणच होते. फितींच्या या खेळाला चेंडू, पट्टे आणि मोकळी जागा पुरते.