तेजीचं कूळ

मोबाइलवर शेअरचा आलेख उघडला की त्याच्या पायथ्याशी बहुधा एक रेघ दिसते. शून्य ते शंभरच्या पट्टीत ती वरखाली होत राहते. तिचं नाव आरएसआय. मोमेंटम इंडिकेटरांच्या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध लेक हीच. शेअर बाजारात ती नांदते खरी, पण तिचं माहेर जिनसांच्या वायदेबाजारात आहे. म्हणून कापसाच्या वर्धा जिल्ह्याला ती परकी वाटायचं कारण नाही.

आधी आपले शब्द पाहू. ‘तेजी’च्या मुळाशी फारसी ‘तेज’ आहे, म्हणजे धारदार, वेगवान. जुन्या मराठीत चपळ घोड्यालाही तेजी म्हणत. ‘मंदी’ संस्कृत ‘मंद’वरून आली, म्हणजे सावकाश. इंग्रजांनी बाजाराला बैल आणि अस्वल दिलं, आपल्या पेढ्यांनी चाल दिली. भाव किती उंच आहे यापेक्षा तो कोणत्या पावलानं चालला आहे, हे या जोडीत साठवलेलं आहे. मोमेंटम म्हणजे नेमकं हेच.

ही चाल या जिल्ह्यानं फार लवकर अनुभवली. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव उसळले. हिंगणघाटचा लांब धाग्याचा बणी कापूस नावाजलेला होता. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे एका प्रतीचंच नाव झालं होतं. वर्धा जिल्हा वेगळा झाला तो १८६२ साली, याच तेजीच्या भरात. १८६५च्या वसंतात युद्ध संपलं आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईत कापसाच्या पैशावर फुगलेल्या शेअरांचे वायदे चुकते करण्याचा दिवस होता. त्या दिवशी भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. वर्ध्यावरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली ती १८६७ साली, तेजी ओसरल्यावर. पुढे १८७५ मध्ये मुंबईत कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली आणि कापसाच्या वायद्याला शिस्त लागली.

वेग होता, पण तो मोजायची पट्टी नव्हती. सर्वांत साधी रीत म्हणजे आजच्या भावातून दहा दिवसांपूर्वीचा भाव वजा करायचा. यालाच मोमेंटम म्हणू लागले. या रीतीत खोट आहे. दहा दिवसांपूर्वी भावानं एखादी मोठी उडी मारली असेल, तर आज बाजार जागचा हलला नाही तरी रेघ एकदम हलते. शिवाय कापसाचा आकडा सोन्याच्या आकड्याशेजारी ठेवून काही कळत नाही.

या दोन्ही अडचणींवर तोड काढली जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसानं. शिक्षणानं तो यंत्र-अभियंता होता, आणि त्याची रीत पाहिली की ते पटतं. १८६५ची पडझड होऊन शतक उलटून गेल्यावर, १९७८ साली, त्यानं आरएसआय ‘कमोडिटीज’ मासिकातून आणि आपल्या पुस्तकातून मांडला. चौदा दिवस घ्यायचे. ज्या दिवशी भाव चढला तो चढ एका रकान्यात, पडला ती पड दुसऱ्या रकान्यात. दोन्हींची सरासरी काढायची आणि चढाला पडीनं भागायचं. समजा सरासरी चढ ३० रुपये आणि पड १० रुपये. गुणोत्तर ३. त्यात १ मिळवून ४, शंभराला ४ नं भागून २५, ते शंभरातून वजा केले की ७५. चढ आणि पड सारखी असेल तर ५०. पुढच्या दिवसापासून जुन्या सरासरीला १३ नं गुणायचं, आजचा आकडा मिळवायचा, १४ नं भागायचं. त्यामुळे जुनी उडी एका झटक्यात गळून पडत नाही, हळूहळू विरते. वही आणि कॅल्क्युलेटर पुरे. मला या रीतीचं सौंदर्य इथेच दिसतं.

७०च्या वर खरेदी अति झाली आणि ३०च्या खाली विक्री अति झाली, एवढंच बहुतेक जण पाठ करतात. त्यातून नुकसान होतं, कारण जोरदार तेजीत रेघ आठवडेच्या आठवडे ७०च्या वर राहू शकते. खरी मोलाची खूण वेगळी आहे: भाव नवा उच्चांक गाठतो, पण रेघ आपला जुना उच्चांक गाठत नाही. कापसानं भरलेली बंडी चढ चढताना पाहिली असेल त्याला हे सांगावं लागत नाही. बैलांचं पाऊल आधी जड होतं, बंडी थांबते ती नंतर.

मात्र या रेघेला फक्त बंद भाव कळतो. बोंडअळी, अवकाळी पाऊस, आयातशुल्क यांतलं काहीही तिला ठाऊक नसतं. २०२२च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांपुढे गेला होता. तोच भाव परत येईल म्हणून पुढच्या हंगामात विदर्भातल्या घराघरांत कापूस साठवला गेला, आणि भाव उतरत राहिला. घरातल्या कापसामागे घर असतं, कर्ज असतं. त्याचा निर्णय चौदा दिवसांच्या सरासरीवर होत नाही.

एमसीएक्स या वायदेबाजारात कापसाचा वायदा २०२३पासून पुन्हा खंडीच्या मापात बोलला जातो. आपल्या पणजोबांच्या तोंडी असलेलं ते माप. त्याच आलेखाच्या पायथ्याशी वाइल्डरची रेघही चालत असते.