घरचा मका गेला कुठं?



अंबडच्या शिवारात आज कारखाने उभे आहेत. तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी मला विचारलं, "साहेब, आमच्या चुलीवर आढ्याला मक्याची कणसं टांगलेली असायची. पुढच्या सालचं बी तेच. तो मका गेला कुठं?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी मागचा इतिहास पाहावा लागतो.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी एका रानगवतातून तो घडवला. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर तो भारतात आला, असे मानतात. आपल्याकडे तो बांधाला, परसात, भाजून खाण्यापुरता आणि वैरणीसाठी होई. बी घरचंच असे.

1957 साली अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला. 1961 मध्ये गंगा-101, रणजित, डेक्कन असे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढलं, पण बी दरसाल विकत घ्यावं लागलं. याचं कारण असं की, संकरित वाणाचा जोर पहिल्याच पिढीत असतो. त्याचंच बी पुन्हा पेरलं तर झाडं उंच-ठेंगणी होतात, कणसं लहान-मोठी येतात आणि उतारा घटतो. म्हणून 1967 मध्ये विजय, किसान, अंबर असे संमिश्र वाण दिले गेले. त्यांचं बी दोन-तीन वर्षं घरी राखता येई.

पुढे 1988 च्या बियाणे धोरणानंतर खासगी कंपन्यांचे संकरित वाण जोरात आले. कोंबडीखाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल यांसाठी मागणी वाढली. येवला, चांदवड, मालेगावकडच्या बाजरीच्या रानात मका शिरला. चार पैसे मिळाले, हे नाकारून चालणार नाही. पण व्यापाऱ्याला एकसारखा पिवळा दाणा हवा. घरचा मका मागे पडला. तो कुणी हिरावून नेला नाही. आपणच दोन-तीन हंगाम पेरला नाही, आणि ठेवलेल्या बियांची उगवण गेली.

इथे एक गैरसमज दूर करू. संकरित बी वेगळं आणि जनुक बदललेलं बी वेगळं. आपल्या देशात 2002 पासून बीटी कापसाला परवानगी आहे. जनुक बदललेल्या मक्याच्या लागवडीला नाही. मेक्सिकोत 1994 च्या व्यापार करारानंतर अमेरिकेचा स्वस्त मका आला, भाव पडले आणि अनेकांनी शेती सोडली. 2001 मध्ये तिथल्या देशी मक्यात परकी जनुकं सापडल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. त्यावर वादही झाला. अखेर 2025 मध्ये त्या देशाने अशा मक्याच्या लागवडीवर राज्यघटनेतच बंदी घातली.

मग आपण काय करावं? बाजारासाठी संकरित मका जरूर पेरा. पण कुणाकडे घरचा मका उरला असेल, तर दोन-चार गुंठे त्यासाठी राखा. मक्याचा पराग वाऱ्याने उडतो, म्हणून दुसऱ्या मक्यापासून 200 मीटर अंतर ठेवा. ते जमत नसेल तर पेरणी तीन-चार आठवडे मागेपुढे करा. बी एकाच कणसाचं धरू नका. प्लॉटच्या मधल्या भागातल्या निरोगी झाडांची 50-60 कणसं निवडा. टोकाचे व बुडाचे दाणे काढून टाका. बी चांगलं वाळवून कोरड्या जागी ठेवा आणि दरसाल पेरा.

2001 च्या कायद्याने घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांना देण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बाजाराचा दाणा विकावा, घरचं बी मात्र जपावं. ते एकदा संपलं, तर कुठल्याच दुकानात मिळत नाही.