घराचं वय

घर किती वर्षांचं, असं कोणी विचारलं की आपण बांधकामाचं साल सांगून मोकळे होतो. मला हे उत्तर कधी पुरेसं वाटलं नाही. माणसाचे दात, डोळे, गुडघे काही एकाच दिवशी जात नाहीत. घराचंही तसंच असतं. जोत्याचं आयुष्य वेगळं, छपराचं वेगळं, नळाच्या पाइपाचं वेगळं.

जुन्या नाशकातला वाडा घ्या. मी लग्न होऊन १९७२ साली अशाच एका वाड्यात आले, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा अधिकाराने बोलते.

वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं. हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याला आपल्या शंभर-दोनशे वर्षांचं काय! जोत्यावर सागाचे खांब. खांब कधी जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. असा कोरडा राहिलेला साग शंभर-दीडशे वर्षं सहज काढतो. भिंती खाली दगडाच्या, वर विटांच्या. जोडायला पांढरी माती, आणि ऐपत असेल तर घाणीत मळलेला चुना. चुन्याची गंमत अशी की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे काही वर्षं जाऊ द्यावीत तसा तो घट्ट होत जातो.

आता उलट्या टोकाला या. शेणाचं सारवण आठवड्याचं सोबती. भिंतींना चुन्याचा हात दर दिवाळीला. नळीची कौलं वाऱ्याने सरकत, माकडं फोडत, म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी शाकारणी ठरलेली. पुढे मंगळुरी कौलं आली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ती कौलं पार आपल्याकडे पोचली. हे कौल पन्नास वर्षं टिकतं, पण त्याच्या खालच्या रिपा वीस-पंचवीस वर्षांत बदलाव्या लागतात.

म्हणजे एकाच छताखाली आठवड्याचं, वर्षाचं, वीस वर्षांचं आणि दीडशे वर्षांचं आयुष्य एकत्र नांदत होतं. आणि यातली खरी मेख अशी, की कमी टिकणाऱ्या वस्तूच जास्त टिकणाऱ्यांना सांभाळत होत्या. एक कौल फुटलं आणि दोन पावसाळे तसंच राहिलं, तर पाणी भिंतीत शिरतं. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक आधी कुजतं, आणि ते गेलं की अख्खा मजला खाली येतो. चार आण्याचं कौल हजारोंच्या सागाची राखण करत होतं.

राखण संपली की घराचं काय उरतं, ते इतिहासात बघायला मिळतं. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली वास्तुशांत होऊन नांदता झाला. १८२८ साली लागलेल्या आगीत आतली लाकडी इमारत गेली. आज आपण बघतो ती तटबंदी, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. म्हणजे दगड तेवढा राहिला. आपल्या नाशकात गोदाकाठच्या मातीच्या गढीवर डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केलं. तळाशी ताम्रपाषाण युगातल्या माणसांची खापरं मिळाली. लाकूड कुजतं, माती मातीत मिसळते आणि भाजलेलं मडकं फुटून का होईना, तीन हजार वर्षं राहतं. घरातली ठिसूळ वस्तू सगळ्यांच्या मागे उरावी, याची मला नेहमी मौज वाटते.

असो. मूळ मुद्दा वाड्यांचा. पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडा पडल्याची बातमी आली की लोक म्हणतात, "जुनाच होता, कधीतरी पडणारच." मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं भाड्याने होती. मी आले तेव्हा भाडी होती आठ रुपये, दहा रुपये, जास्तीत जास्त बारा. मी १९९८ साली तिथून निघाले तेव्हाही जवळजवळ तीच. यामागे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. त्यात 'प्रमाण भाडं' बहुतेक घरांना १ सप्टेंबर १९४० या तारखेच्या भाड्याशी बांधलं होतं. महायुद्धानंतरची टंचाई, शहरात येणारे लोंढे, यात गरीब माणूस रस्त्यावर येऊ नये म्हणून केलेला तो कायदा. हेतू चांगलाच होता. पण सुताराची मजुरी आणि कौलाची किंमत १९४० मध्ये थांबली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय आली. तोवर मधली पन्नास वर्षं निघून गेली होती.

त्या पन्नास वर्षांत काय झालं, तर पहिल्यांदा शाकारणी थांबली. आधी एक वर्षाआड, मग गळेल तिथे पत्रा टाकायचा. मामंजी काटकसरी होते, पण निष्काळजी नव्हते. सगळ्या बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं गोळा केलं तरी एका बाजूचं छप्पर उतरवता येत नव्हतं. भाडेकरू म्हणत, घर मालकाचं, त्यांनी करावं. चुलत घरची मंडळी म्हणत, वाटण्या व्हायच्यात, आत्ता पैसे कोण घालणार? प्रत्येकाचं म्हणणं आपल्या जागी बरोबर होतं. पाऊस मात्र दरवर्षी वेळेवर येत होता.

वाडा उतरवला तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. जुन्या लाकडाचा व्यापारी एकेका खांबावर हातोडीने ठोकून आवाज ऐकत होता. खणखणीत. जवळजवळ सगळे खांब त्याने चांगल्या भावात उचलले. कुजल्या होत्या त्या फक्त दोन छपरांमधल्या पन्हळीखालच्या तुळया. म्हणजे वाडा म्हातारा झाला नव्हता. त्याची एक पन्हळ म्हातारी झाली होती, आणि ती बदलायला कोणाकडे पैसे नव्हते.

मी इतिहास शिकवत असे, त्यामुळे मुलांना घेऊन पांडवलेण्यांवर बऱ्याचदा जाणं व्हायचं. तिथलं तीन नंबरचं लेणं गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री हिने दान दिलेलं. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला तिचा लेख सगळ्यांना ठाऊक असतो, कारण त्यात मुलाचा पराक्रम आहे. त्याच्याच सोबतचा बाविसाव्या वर्षाचा लेख मात्र कोणी फारसा वाचत नाही. त्यात राजा गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की लेण्याच्या देखभालीसाठी भिक्षूंना सुदसण नावाचं गाव दिलं होतं, त्याच्या बदली आता सामलिपद हे गाव द्यावं.

विचार करा. अख्ख्या डोंगरात कोरलेलं लेणं. कौल नाही, तुळई नाही, वाळवी लागायची सोय नाही. तरीही देणाऱ्यांनी नुसती वास्तू दिली नाही, तिच्या देखभालीला एका गावाचं उत्पन्न लावून दिलं. तेही नुसती रोकड नव्हे, तर दरवर्षी नवं पीक देणारं गाव! दुसऱ्या शतकातल्या लोकांना जे कळलं होतं, ते १९४७ च्या कायद्यातून निसटलं.

आता आपल्या फ्लॅटकडे येते. सिमेंटचं घर म्हणजे बांधलं की पन्नास-साठ वर्षं बघायला नको, असा आपला समज. पण तिथेही तोच खेळ आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दहा-पंधरा वर्षं, लोखंडी पाइप वीस-पंचवीस, वायरिंग पंचवीस-तीस, बाहेरचा रंग पाच-सात. आणि ज्या हवेने चुना पक्का होतो, तीच हवा काँक्रीटमध्ये मुरत गेली की आतल्या सळईचं संरक्षण संपतं. त्यात गळकी गच्ची असेल तर सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. कौलाच्या जागी वॉटरप्रूफिंग आलं, तुळईच्या जागी सळई. तीस वर्षांवरच्या इमारतींची तपासणी महापालिका हद्दीत कायद्याने बंधनकारक आहे, ती उगाच नाही.

सोसायटीच्या उपविधींत पुळुमावीच्या गावाची जागा दोन निधींनी घेतली आहे. दुरुस्ती निधी, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड, किमान ०.२५ टक्के. पण कोणत्या बांधकाम खर्चाच्या? इमारत बांधली तेव्हाच्या! तेव्हा फ्लॅटला ४ लाख खर्च आला असेल, तर वर्षाला ३००० आणि १००० रुपये जमा होणार, आणि गच्चीचं काम निघेल ते आजच्या भावाने. १ सप्टेंबर १९४० ची तारीख आपण पुन्हा लिहून ठेवली आहे, इतकंच. फरक एवढाच की इथे हात बांधलेले नाहीत. टक्का 'किमान' आहे, आणि तो वाढवणं सर्वसाधारण सभेच्या हातात आहे. मात्र आमच्या सभेत नवीन गेटसाठी दहा मिनिटांत हात वर होतात आणि गच्चीचा विषय निघाला की लोक घड्याळ बघतात.

आमच्या घरातली पुण्या-मुंबईची, ठाण्याची मंडळी हे वाचतील, म्हणून त्यांना मुद्दाम सांगते. पुढच्या सभेला जा आणि दोनच गोष्टी विचारा: गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं, आणि दुरुस्ती निधी कोणत्या सालच्या खर्चावर काढतात? आणि यंदा मृगाच्या आधी स्वतः गच्चीवर एक चक्कर मारून पन्हाळी तुंबल्यात का, तेवढं बघून या.