एचफॉस प्रकल्प

एचफॉस प्रकल्प, अर्थात मानवसेवेसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प, हा अमेरिकेतील एक शैक्षणिक उपक्रम होय. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी सेवाभावी संस्थांना प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घडवावे, हा त्याचा उद्देश. कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी महाविद्यालयात २००६ साली त्याची सुरुवात झाली. राल्फ मोरेली हे त्याच्या प्रवर्तकांपैकी एक होत.

पार्श्वभूमी

२६ डिसेंबर २००४ रोजीच्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतील संगणकतज्ज्ञ स्वयंसेवकांनी 'सहाना' ही आपत्ती-व्यवस्थापन प्रणाली उभी केली. बेपत्ता व्यक्ती, मदत छावण्या आणि मदतकार्यातील संस्था यांच्या नोंदी तीत ठेवता येत. सिंहली भाषेत या नावाचा अर्थ 'दिलासा' असा आहे. प्रणालीची स्रोतसंहिता सर्वांसाठी खुली असल्याने दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही ती अभ्यासता आली. ट्रिनिटीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी स्वयंसेवकांच्या व्यवस्थापनाचा विभाग तयार केला.

विस्तार

२००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे अनुदान मिळाल्यावर वेस्लियन विद्यापीठ व कनेटिकट कॉलेज या शेजारच्या संस्था उपक्रमात सामील झाल्या. उन्हाळी सुटीतही विद्यार्थ्यांना काम करण्याची सोय झाली. शोध व बचाव कार्यातील नोंदींसाठी अँड्रॉइड फोनवर चालणारे 'पोझिट' हे ॲप याच उपक्रमातून निर्माण झाले.

होमबेस

प्रत्यक्ष ग्राहकासाठी केलेल्या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे 'होमबेस'. मेन राज्यातील पोर्टलंड येथील रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस ही संस्था रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबीयांची निवासाची सोय करते. तिचे दैनंदिन काम बरेचसे स्वयंसेवकांच्या पाळ्यांवर चालते. या पाळ्यांचे वेळापत्रक राखण्यासाठी बोडिन महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी प्राध्यापक ॲलन टकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००८ च्या वसंत सत्रात हे सॉफ्टवेअर लिहिले.

कायम आराखड्यावरून दर आठवड्याचे वेळापत्रक तयार करणे, रिकाम्या जागा दाखवणे आणि एखादा स्वयंसेवक येऊ शकत नसल्यास बदलीसाठी कोणाकोणाला दूरध्वनी करावा याची यादी देणे, ही त्याची मुख्य कार्ये होत. ही यादी संस्थेच्या रोजच्या अडचणीतून आली आहे. ग्राहकाशी बोलल्यावाचून अशी गरज सहसा कळत नाही. पुढे याच संस्थेसाठी खोल्यांच्या नोंदींचे 'होमरूम' हे सॉफ्टवेअरही विद्यार्थ्यांनी तयार केले.

शैक्षणिक स्वरूप

नेहमीच्या स्वाध्यायात प्रश्न शिक्षकाने आखलेला असतो आणि गुण मिळाले की संहितेचे काम संपते. ग्राहकासाठी काम करताना मात्र गरज समजून घेणे, इतरांनी लिहिलेली संहिता वाचणे, चाचण्या घेणे आणि वापरकर्त्यासाठी सोप्या सूचना लिहिणे, हा सारा अभ्यासाचा भाग ठरतो. टकर, मोरेली आणि सहानाशी संबंधित चमिंद्रा डी सिल्वा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात होमबेसचाच आधार घेऊन ही पद्धत मांडली आहे. प्राध्यापकांना मुक्त स्रोताच्या कार्यपद्धतीची ओळख करून देणारा 'पॉसी' हा संबंधित प्रशिक्षणवर्ग रेड हॅट या कंपनीने २००९ मध्ये सुरू केला.

हस्तांतरण व मर्यादा

सत्र काही महिन्यांत संपते, संस्थेची गरज मात्र चालूच राहते. लहान सेवाभावी संस्थांकडे बहुधा स्वतःचा संगणकतज्ज्ञ नसतो. त्यामुळे विद्यार्थी पदवीधर होऊन गेल्यावर दोष कोण दुरुस्त करणार, हा अशा प्रत्येक प्रकल्पापुढील खरा प्रश्न असतो. मुक्त परवान्यामुळे संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व पुढे देण्याचा हक्क संस्थेला आणि नंतरच्या विद्यार्थ्यांना मिळतो. मूळ लेखकांची परवानगी दर वेळी मागावी लागत नाही. परंतु हक्क म्हणजे मनुष्यबळ नव्हे. संहितेसोबत नीटस दस्तऐवज नसतील आणि जबाबदारी घेणारा कोणी नसेल, तर खुली संहिताही निरुपयोगी ठरते.

स्वयंसेवकांची नावे व दूरध्वनी क्रमांक खासगी असल्याने संहिता खुली ठेवली तरी माहिती खुली करता येत नाही. चाचणीसाठी काल्पनिक नोंदी वापराव्या लागतात. जेथे सोयीचा ग्राहक मिळत नाही, तेथे सहानासारख्या चालू प्रकल्पात लहान सुधारणा करणे हा पर्याय उरतो. त्यात ग्राहकाशी थेट संवाद कमी होतो, पण विद्यार्थी गेल्यानंतर काम सांभाळणारी मंडळी आधीच हजर असतात.